वाचक विचारतात : पोकेमॉन गो आणि टीएमचा हिशेब

प्रश्न : पोकेमॉन गो या मोबाइल खेळात माझ्या म्यूटू या पोकेमॉनकडे 'सायकिक' ही मूव्ह (हल्ल्याचा डाव) होती. 'आइस बीम' हवी म्हणून चार चार्ज्ड टीएम (चार्ज्ड, म्हणजे मोठ्या हल्ल्याची मूव्ह बदलणाऱ्या वस्तू) खर्च केले, तरी ती आली नाही आणि मध्येच सायकिक परत आली. टीएम वापरण्याची काही ठरावीक वेळ असते का?

उत्तर : वेळेचा काही संबंध नाही. साधा टीएम एकच गोष्ट पाळतो : पोकेमॉनकडे त्या क्षणी असलेली मूव्ह तो पुन्हा देत नाही. आधी येऊन गेलेल्या मूव्ह मात्र तो लक्षात ठेवत नाही. म्हणून पहिल्या टीएमने सायकिक गेली, तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्याने ती परत येऊ शकते.

म्यूटूच्या साध्या चार्ज्ड मूव्ह पाच : सायकिक, फोकस ब्लास्ट, थंडरबोल्ट, आइस बीम आणि फ्लेमथ्रोअर. हातातली एक वगळली की उरतात चार. प्रत्येकीची शक्यता सारखी धरली, तर दर टीएमला आइस बीमची शक्यता चारात एक. सलग चार वेळा ती न येण्याची शक्यता सुमारे 32 टक्के, म्हणजे तुमच्यासारखी वेळ जवळपास तिघांतल्या एकावर येते.

शक्यता वाढवायची असेल तर दुसरी चार्ज्ड मूव्ह उघडा. ती उघडतानाच चारात एक या हिशेबाने आइस बीम मिळू शकते. नाही मिळाली, तर टीएम लावताना हातातल्या दोन्ही मूव्ह वगळल्या जातात आणि शक्यता तिनात एक होते. म्यूटूसाठी याचा खर्च 1,00,000 स्टारडस्ट आणि 100 कँडी (दोन्ही खेळात जमवायच्या गोष्टी), त्यामुळे तो तुमच्या रोजच्या लढाईतला असेल तरच हा खर्च करा. फास्ट मूव्हचा, म्हणजे झटपट करायच्या छोट्या हल्ल्याचा, प्रश्न इथे सोपा आहे. म्यूटूकडे सायको कट आणि कन्फ्यूजन या दोनच असल्याने एका फास्ट टीएममध्ये काम नक्की होते.

प्रश्न : 'सायस्ट्राइक' असलेल्या म्यूटूवर चुकून चार्ज्ड टीएम लागला. आणखी टीएम लावले तर ती परत येईल का?

उत्तर : नाही, कितीही लावले तरी नाही. सायस्ट्राइक, शॅडो बॉल किंवा कम्युनिटी डे या खेळातल्या इव्हेंटला मिळालेल्या खास मूव्ह साध्या टीएमच्या यादीतच नसतात. आता एलिट चार्ज्ड टीएम हाच खात्रीचा मार्ग आहे. त्यात नशिबाचा भाग नसतो, यादी समोर येते आणि मूव्ह तुम्ही निवडता. हाती असलेले साधे टीएम तोवर राखून ठेवा.

अशी चूक बहुधा दोन चार्ज्ड मूव्ह असताना घाईत होते. कोणती मूव्ह बदलायची हे खेळ विचारतो, तेव्हा दाबण्याआधी नाव वाचा. खास मूव्ह असलेल्या पोकेमॉनच्या नावापुढे एखादी खूण टाकून ठेवली तर धोका बराच कमी होतो.

प्रश्न : शॅडो पोकेमॉनची (टीम गो रॉकेट या खेळातल्या खलनायक टोळीकडून सोडवलेल्या पोकेमॉनची) 'फ्रस्ट्रेशन' ही मूव्ह टीएमने जात का नाही?

उत्तर : ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. एरवी एलिट टीएमही तिच्यावर चालत नाही. टीम गो रॉकेटच्या काही इव्हेंटमध्ये तेवढ्या दिवसांपुरती सूट मिळते. तेव्हा साधा चार्ज्ड टीएम पुरतो, म्हणून दोन-चार टीएम त्यासाठी बॅगेत असू द्या. केवळ फ्रस्ट्रेशन घालवायला शुद्धीकरण (शॅडोचा साधा पोकेमॉन करणे) करू नका : शॅडोचा 20 टक्के जादा मारा कायमचा जातो.

प्रश्न : टीएम उत्क्रांतीआधी, म्हणजे पोकेमॉन पुढच्या रूपात बदलण्याआधी, लावावा की नंतर?

उत्तर : नंतर. उत्क्रांत होताना मूव्ह नव्याने ठरतात, त्यामुळे आधी लावलेला टीएम बहुतेक वेळा फुकट जातो.