सागवानात रुतलेला, दाव्यात न आलेला कंगोरा

प्रश्न : ताई, नमस्कार. वाईत माझं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम आहे. वडील सुतार, मी सिव्हिल डिप्लोमा. लोक कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेले मजले उतरवून स्लॅब ओततात, ते मला बघवत नाही. सागवानी कड्या ठणठणीत असतात, पण मजला हलतो. पोरं धावली की फडताळातली भांडी वाजतात. म्हणून मी वर प्लॅस्टिकचा कागद आणि जाळी टाकून ६० मिलिमीटर काँक्रीट ओततो. ते कड्यांना जोडायला एक स्क्रू बनवून घेतलाय. ८ मिलिमीटर जाड, खाली लाकडाचे आटे, मध्ये कॉलर, वर काँक्रीटमध्ये राहणारा दांडा आणि त्याला डोकं. ४५ अंशात तिरपा मारतो. पेटंटचा अर्ज मीच ऑनलाइन केला. अर्जाचे १६०० आणि परीक्षणाचे ४००० भरले. आता पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाचं पत्र आलंय की नावीन्य नाही, कारण डी-१ मध्ये, म्हणजे त्याने दाखवलेल्या पहिल्या जुन्या कागदात, असाच स्क्रू आहे. कल्पकता नाही, कारण डी-१ला डी-२, म्हणजे दुसरा जुना कागद, जोडला की माझाच स्क्रू होतो. वरून पेटंट कायद्याचं कलम ३(एफ), म्हणे ही ज्ञात साधनांची नुसती मांडणी. आणि डी-२ काय आहे? पत्र्याचा रबरी वॉशरवाला स्क्रू! हे लिहिणाऱ्याने कधी हातात ड्रिल तरी धरलंय का? दोन स्क्रू आणि अर्जाची प्रत पाठवतोय. उत्तर द्यायचं की नाद सोडायचा? निदान डिझाइन तरी नोंदवून टाकू का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नाद सोडू नका, आधी राग सोडा. भोसरीतल्या नट-बोल्टच्या कारखान्यात सहा वर्षं काढून मी पेटंटच्या कामात आले, त्यामुळे स्क्रू हातात आला की कागदाआधी मी तोच उलटापालटा करते. तुमचाही केला. कॉलरच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं तर काहीतरी टोचलं. बांगडीसारखा गोल फिरलेला, जेमतेम दीड मिलिमीटर उंच, निमुळत्या धारेचा कंगोरा. तुमच्या पत्रात त्याचं नाव नाही. मग अर्ज वाचला. दाव्यांमध्ये, म्हणजे ज्या वाक्यांवर तुम्ही हक्क मागता त्यांच्यातही, कुठे नाही. शेवटी वर्णनाच्या पान ७ वर एक ओळ सापडली : कंगोरा लाकडात रुततो आणि ओल्या काँक्रीटचं पाणी भोकात उतरू देत नाही. आकृती ३ मध्ये तो काढलेलाही आहे. त्या एका ओळीवर तुमचा अर्ज अजून जिवंत आहे.

इतर वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. लाकडावर नुसतं काँक्रीट ओतलं तर वाकताना दोघं एकमेकांवरून सरकतात, शंभरपानी वही वाकवली की पानं सरकतात तशी. ती सरकू दिली नाहीत तर वरचं काँक्रीट दाब घेतं, खालचं लाकूड ताण घेतं आणि दोघं मिळून एकाच जाड तुळईसारखं काम करतात. स्क्रू सरळ मारला तर तो वाकतो आणि थोडं सरकू देतोच. एकमेकांच्या उलट दिशांना तिरपे मारले तर एकावर ओढ येते, दुसऱ्यावर दाब, आटे लाकडाला लांबीच्या दिशेने धरतात आणि जोड पुष्कळ ताठ होतो. (६० मिलिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. भिंतीत गेलेली कडीची टोकं वाळवीने पोखरलेली नाहीत ना, हे आधी छिन्नी टोचून बघत जा. हा पेटंटचा विषय नाही, पण राहवत नाही.)

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत १९२२मध्ये म्युलर यांच्या नावे उभ्या फळ्यांवर काँक्रीटच्या मजल्याचं पेटंट दिसतं. १९३९मध्ये शाउब यांच्या नावे लाकडी वासे आणि काँक्रीट पोलादी पट्ट्यांनी जोडण्याचं. दोन डोक्यांचा, ४५ अंशात जोडीने मारायचा स्क्रू स्वित्झर्लंडच्या एसएफएस कंपनीने १९९०च्या दशकापासून युरोपात विकलाय. साडेसात मिलिमीटर जाड. खालचं डोकं लाकडाशी थांबतं, वरचं काँक्रीटमध्ये अडकतं. वाचताना ओळखीचं वाटलं ना?

आता तुमचा दावा १ बघा. अर्ज इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते : लाकूड व काँक्रीट जोडण्याचा स्क्रू, ज्यात लाकडात जाणारा आट्यांचा भाग, लाकडाच्या पृष्ठभागाशी टेकणारी कॉलर, काँक्रीटमध्ये राहणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला डोकं आहे. मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे तुमच्या दाव्याचे तुकडे, उजवीकडे डी-१मध्ये तो तुकडा कुठे सापडतो ते. चारही तुकड्यांसमोर डी-१चा आकडा पडला. एकाच जुन्या कागदात सगळे तुकडे सापडले की नावीन्य संपलं. परीक्षकाला कलम १३ खाली हाच शोध घ्यायचा असतो, आणि तो दाव्याचं वाक्य धरूनच घेतो. तुमचा स्क्रू त्याच्या टेबलावर नव्हता. होतं ते तुमचं वाक्य, आणि त्या वाक्यात तुम्ही हुबेहूब युरोपातल्या स्क्रूचं वर्णन केलंय.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका अशिलाच्या पंपाच्या झडपेसाठी मी अकरा पानी उत्तर पाठवलं होतं. परीक्षकाला काही कळत नाही, हे अकरा पानांत अकरा प्रकारे लिहिलं होतं. सुनावणीत कंट्रोलरने, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “हे दाव्यात कुठे आहे?” मी पानं उलटत बसले. कुठेच नव्हतं.

म्हणून पहिलं काम, कंगोरा दावा १ मध्ये आणा. कलम ५९ त्याला परवानगी देतं, कारण तो मूळ वर्णनात आहे आणि त्याने दावा अरुंदच होतो, रुंद होत नाही. पान ७ वरची ती ओळ नसती तर आता कितीही शपथा घेतल्या तरी कंगोरा आत घालता आला नसता.

एवढ्याने नावीन्याचा आक्षेप सुटेल. कल्पकतेचा नाही सुटणार. परीक्षक म्हणेल, पाणी अडवायला पत्र्याच्या स्क्रूला रबर लावतातच, तुम्ही रबराऐवजी कंगोरा लावला. तुम्हाला डी-२चं हसू आलं, मला ते नेमकं वाटलं. पाऊस भोकात शिरू नये म्हणून घातलेलं वॉशर आणि काँक्रीटचं पाणी शिरू नये म्हणून केलेला कंगोरा, प्रश्न एकाच घरातला आहे. याच टोकावर जुनी माणसं मिर्झापूरच्या खटल्याचं नाव काढतात. लेथवर भांडं पकडून ठेवण्याच्या युक्तीचं १९५१चं पेटंट होतं. भांडी करणाऱ्या दोन व्यावसायिकांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९७८मध्ये न्यायालयाने ही नुसती कारखान्यातली सुधारणा आहे म्हणून ते पेटंट रद्द ठरवलं. कुठल्याही हुशार कारागिराला सुचली असती अशी सुधारणा, असा त्याचा अर्थ. तुम्हाला दाखवायचंय की कंगोरा तसा नाही.

ते बोलून होत नाही, म्हणून मी करून बघितलं. घरात जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा होता. एक स्क्रू आहे तसा सरळ मारला. दुसऱ्याचा कंगोरा कानशीने घासून टाकला आणि तोही सरळ मारला. दोन्ही डोक्यांभोवती पाइपाचे तुकडे पुट्टीने चिकटवले, त्यात कपड्यांच्या निळीचं पाणी ओतलं आणि झोपले. सकाळी छिन्नीने तुकडा रेषेत फोडला. घासलेल्या स्क्रूच्या भोकात निळा रंग जवळजवळ दोन इंच खाली. कंगोऱ्याच्या भोकात काही नाही, लाकूड कोरडं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

मग पहिलाच स्क्रू काढून ४५ अंशात मारला, तुम्ही मारता तसा. कॉलर स्क्रूच्या दांड्याला काटकोनात आहे. स्क्रू तिरपा, तर कॉलरही तिरपी. एका अंगाला कंगोरा लाकडात गेला, दुसऱ्या अंगाला हवेत. लाकडावर पूर्ण गोलाऐवजी चंद्राची कोर उमटली. निळीचं पाणी सरळ आत. म्हणजे ज्या पद्धतीने तुम्ही स्क्रू वापरता, त्या पद्धतीत तुमच्या शोधाचा फायदा नाहीच, असं दिसत होतं. मी थोडी खट्टू झाले. मग आकृती ४ कडे लक्ष गेलं. तिथे तुम्ही कडीत स्क्रूच्या रेषेतच एक गोल, सपाट तळाची बैठक कोरलेली दाखवलीय. त्याचा शब्दात उल्लेख अर्ध्या वाक्याचा, तोही पान ९ वर. सपाट बिटने तशी बैठक कोरून पुन्हा मारला, आणि कंगोरा पूर्ण गोल बसला. पाणी अडलं.

तेव्हा खरा शोध कंगोरा आणि बैठक या जोडीत आहे, निदान तिरप्या स्क्रूसाठी तरी. तुमच्या सुदैवाने दावा ६ मूळ अर्जातच स्क्रूने जोडलेल्या मजल्याचा आहे. त्यात बैठक घाला. दावा १ मध्ये नुसता कंगोऱ्याचा स्क्रू ठेवून लढून बघा. नाही टिकला तर दावा ६ वर या. दावा ६ वर आलात तर तोटा हा की नुसता स्क्रू विकणाऱ्याला पकडणं अवघड जाईल, मजला करणाऱ्याला पकडावं लागेल. हा सौदा आहे, तुमचा तुम्ही ठरवा.

डी-२ बद्दल उत्तरात लिहिण्यासारखं म्हणजे, कॉलरखाली रबर घातलं तर कॉलर लाकडावर घट्ट टेकणारच नाही, मऊ गादीवर बसेल. ज्या जोडात मिलिमीटरचं सरकणंही नको, तिथे सुतार मुद्दाम रबर कशाला घालेल? आणि ३(एफ) म्हणतं की ज्ञात साधनांची नुसती मांडणी, जिच्यात प्रत्येक साधन आपापलं काम स्वतंत्रपणे करतं, तो शोध नव्हे. तुमच्या स्क्रूत आटे खाली ओढतात म्हणूनच कंगोरा रुततो. आटे नसतील तर कंगोरा नुसता टेकेल. दोघं एकमेकांवर अवलंबून आहेत, एवढं दोन वाक्यांत लिहा, तिसरं नको.

माझ्या घरातली निळीची चाचणी पुरावा होत नाही. तुम्ही नीट करा. दहा स्क्रू कंगोऱ्यासह, दहा कंगोरा घासून, बैठकीसह आणि बैठकीशिवाय, फोडलेल्या लाकडांचे फोटो, आणि कलम ७९ प्रमाणे प्रतिज्ञापत्र. पाणी अडतं हे मूळ वर्णनात आधीच म्हटलेलं आहे, त्यामुळे आता त्याचा पुरावा देणं म्हणजे नवं काही घुसडणं होत नाही.

उत्तराची मुदत सहा महिन्यांची, अहवाल, म्हणजे तुम्हाला आलेलं ते पत्र, काढल्याच्या तारखेपासून. तुम्ही ईमेल उघडल्याच्या तारखेपासून नाही. त्या सहा महिन्यांच्या आत मागितली तर आणखी तीन महिने मिळतात. तीही चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाण्याचा धोका आहे.

डिझाइनचा नाद मात्र सोडा. २०००च्या डिझाइन कायद्यात डोळ्याला दिसणारं रूप नोंदवतात, काम नाही. शिवाय तुमचा अर्ज आकृत्यांसकट प्रसिद्ध झालाय, म्हणजे ते रूप आता नवं राहिलेलं नाही. जर्मनीत कुणी नक्कल केली तर काय, असं तुम्ही पाकिटावर मागच्या बाजूला पेन्सिलीने विचारलंय. काही नाही. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत बाहेरचा अर्ज केला असता तर प्राधान्य मिळालं असतं. ते महिने गेले.

दुसरा स्क्रू मी ठेवून घेतलाय.

प्रश्न : मी केलेला खिडकीचा बिजागर गेल्या नोव्हेंबरमध्ये गावच्या औद्योगिक प्रदर्शनात मांडला होता. अजून पेटंटचा अर्ज केलेला नाही. आता करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा नाही, पण एक फट आहे. कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सूट आहे, मात्र केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलं असेल त्याच्यापुरतीच. गावच्या प्रदर्शनाला तशी अधिसूचना असणं कठीणच. आयोजकांना फोन करा आणि अधिसूचनेचा क्रमांक मागा. तो मिळाला तर नोव्हेंबरच्या आत अर्ज टाका. नाही मिळाला तर बिजागरात त्यानंतर काय बदललंय ते मला लिहून पाठवा, फोटोसह.