वाचकांचे प्रश्न : शिल्पापुढे डोळे का भरून येतात?

प्रश्न : अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात निजलेल्या बुद्धासमोर मला रडू आवरेना. मुलं मात्र दोन फोटो काढून बाहेर पडली. असं का व्हावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, तुमचं रडू अगदी स्वाभाविक आहे. सुमारे ७ मीटर लांबीच्या त्या महापरिनिर्वाण शिल्पात खाली शोक करणारे शिष्य कोरलेत आणि वर आनंदलेले देवगण. एकाच भिंतीवर दोन्ही भाव! ज्यानं आपलं माणूस गमावलंय त्याला ते लगेच भिडतं. म्हणून मुलांना कोरडं ठरवू नका.

त्यांची अडचण बहुधा डोळ्यांची आणि पायांची. उन्हातून आत आल्यावर अंधाराला सरावायला डोळ्यांना दहा मिनिटं तरी लागतात, पुरतं सरावायला अर्धा तास. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंदच थांबले होते. त्यात हे लेणं शेवटाकडे. तिथवर माणूस थकतो.

पुढच्या वेळी सकाळीच जा (सोमवारी लेणी बंद). आधी २६ गाठा, परतताना १७, १६ आणि १, एवढंच बघा. आत मोबाइल खिशात ठेवून नुसतं उभं राहा. मग डाव्या भिंतीलगत बुद्धाच्या पायांकडून चेहऱ्याकडे सावकाश या. छाती धडधडली, घेरी आली तर खाली बसा, पाणी प्या. मुलांना ‘कसं वाटलं?’ हे तिथल्या तिथे विचारू नका, रात्री जेवताना विचारा.