शेडिंग करताना अंगठा आणि मनगट दुखतं

प्रश्न : इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करते आहे. अर्धा तास शेडिंग केलं की अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळ येते. काय चुकतंय?

उत्तर : कागद उलटा करून मागून बोट फिरवा. रेघा उठलेल्या लागल्या तर दाब जास्त पडतोय. बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ तिथेच असतं. एचबी पेन्सिलने गडद छटा काढायला गेलं की अंगठा पेन्सिल आवळतो. त्याऐवजी ४बी किंवा ६बी ही मऊ, जास्त गडद उमटणारी पेन्सिल घ्या आणि हलक्या हाताने तीन-चार थर द्या. पेन्सिल टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर मागे धरा. लांब रेघ खांद्यातून ओढा, मनगटातून फक्त बारीक काम. अगदी लहान झालेली पेन्सिल होल्डरमध्ये घाला, नाहीतर बोटं आखडतात.

बोर्डाची वरची कड पुस्तकांवर टेकवून उंच करा, म्हणजे मान वाकत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेन्सिल खाली ठेवाच. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर दाबला जातोय का पाहा. अंगठा किंवा त्याच्या शेजारची बोटं रात्री बधिर होत असतील, तर मात्र सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.