वेताळाच्या सहीमागचे हात

प्रश्न : ताई नमस्कार. माळा आवरताना बाबांची जुनी ट्रंक उघडली तर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठाच निघाला, तीन दिवस दुसरं काही केलंच नाही. पण एक गोष्ट खटकली. काही अंकांत वेताळ अगदी साधा, लाकडी बाहुल्यासारखा दिसतो आणि काहींत एकदम पिळदार, जंगल पण दाट. चित्रकार बदलायचे का? आणि सही एकाची, चित्र दुसऱ्याचं असं व्हायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, तुमची नजर पक्की आहे. चित्रकार बदलायचे आणि सहीचं पण तुम्ही म्हणता तसंच व्हायचं.

वेताळाच्या (मूळ इंग्रजी नाव फँटम) गोष्टी मुळात अमेरिकन पेपरात रोजच्या पट्टीत, म्हणजे तीन-चार चौकटींच्या चित्रकथेत, यायच्या, इंद्रजाल 1964 पासून त्याच पट्ट्या जोडून अंक करायचं (कव्हरं मात्र आपल्याकडे काढलेली असायची, ती बघून घ्या, सुंदर आहेत). लेखक ली फॉक, आणि 1936 ला सुरुवात झाली तेव्हा चित्रं रे मूरची. 1942 मध्ये मूर युद्धावर गेला आणि काम त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉयकडे आलं, तरी काही वर्षं नाव मूरचंच छापत राहिले. तुमचा तो लाकडी वेताळ मॅकॉयचा. 1961 मध्ये मॅकॉय वारला आणि साय बॅरी आला, पिळदार वेताळ आणि दाट जंगल त्याच्या काळातलं.

आता खरी गंमत इथे आहे. हा बॅरी स्वतः आधी मोठ्या भावाच्या, डॅन बॅरीच्या, 'फ्लॅश गॉर्डन' पट्टीवर नाव न येता राबायचा. मग स्वतःची पट्टी मिळाल्यावर त्याने पण माणसं ठेवली, कारण आठवड्याला सहा पट्ट्या आणि वर रविवारचं मोठं पान, सुट्टी नाही, आजारपण नाही, हे एका हाताने वर्षानुवर्षं ओढणं शक्यच नसतं. त्यातला एक जॉर्ज ओलेसन. पेन्सिलचं काम, म्हणजे शाई फिरवण्याआधीचं मूळ चित्र, त्याचं, खाली सही बॅरीची, आणि हे जवळजवळ तीस वर्षं चाललं! 1994 मध्ये बॅरी निवृत्त झाला तेव्हा कुठे रोजच्या पट्टीवर ओलेसनचं नाव आलं. तुम्ही आम्ही लहानपणी ज्या वेताळावर जीव टाकला त्यात या माणसाचा केवढा हात असेल आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं, मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलेलं.

प्रश्न : माझी भाची एका सीनियर चित्रकाराकडे काम करते. पट्टी त्यांच्या नावाने येते, काढते ही. पगार वेळेवर मिळतो पण नाव कुठेच नाही. घरी म्हणतात चाललंय ते बरंय. हे करिअर म्हणायचं का?
– एक आत्या, पुणे

उत्तर : आत्या, करिअर नक्कीच आहे. अमेरिकेत सिंडिकेटचा (पेपरांना पट्ट्या विकणाऱ्या कंपनीचा) करार मूळ चित्रकाराशी असायचा, आणि तो आपल्या कमाईतून मदतनिसाला पैसे द्यायचा, म्हणून हक्क मिळायचा नाही पण महिना सुटायचा. ज्याच्या घरी पोरंबाळं आहेत त्याला हे कमी नाही, आणि दुसऱ्याची रेषा इतकी हुबेहूब काढणं की वाचकाला कळूच नये, हे कसब येरागबाळ्याचं नाही.

तरी मला अमेरिकन चित्रकार फ्रँक फ्रॅझेटा आठवतो. अल कॅपच्या 'लिल ॲबनर' या पट्टीवर त्याने 1954 ते 1961 काम केलं, कॅपच्या कच्च्या आराखड्यावरून रविवारच्या पानांची पेन्सिल करायची आणि बोस्टनला कॅपच्या स्टुडिओत पाठवायची. कॅपला ही बाजू माहीत नव्हती असं नाही हां, तो स्वतः 1933 मध्ये हॅम फिशरच्या 'जो पलूका'वर असाच बिननावाचा राबलेला आणि त्यावरून दोघांचं जे वाजलं ते वीसेक वर्षं मिटलं नाही. तर फ्रॅझेटा 1961 ला बाहेर पडला आणि काम मिळेना! इतकी वर्षं दुसऱ्याचा हात गिरवलेला, संपादकांना त्याचं काम जुनाट वाटायला लागलेलं. मग 1964 मध्ये 'मॅड' या विनोदी मासिकात त्याने बीटल्सच्या रिंगो स्टारचं एक चित्र केलं, विडंबन जाहिरातीसाठी, त्यावरून सिनेमाच्या पोस्टरचं काम आलं आणि एका पोस्टरमध्ये वर्षभराच्या कमाईएवढे पैसे मिळाले असं तो सांगायचा. 1966 पासून कोनान या तलवारबहाद्दराच्या पुस्तकांची कव्हरं आली आणि पुढे त्याची सही बघून लोक पुस्तक उचलायला लागले.

म्हणून भाचीला नोकरी सोड असं मी अजिबात म्हणणार नाही. पण आठवड्यातला एक दिवस तिचा स्वतःचा हवा, तिची माणसं, तिची रेषा, सरांच्या पट्टीची सावलीसुद्धा नको. आणि सरांशी आत्ताच, संबंध गोड आहेत तोवर, नीट बोलून घ्यावं की ही पानं मी केली असं मी बाहेर दाखवू शकते का, ओरिजिनल कुणाकडे राहणार, पुस्तक निघालं तर आत कुठेतरी नाव येईल का, आणि जे ठरेल ते दोन ओळी मेलवर लिहून घ्यावं. तिची स्वतःची चार पानं तयार असतील तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मला खरंच बघायचीयेत.