शुक्रवारची वीज कुठे जाते?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं मशिनशॉप आहे. छतावर ५० किलोवॅट सोलर आणि नेट मीटर (घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा) आहे. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हाची वीज विकून महिन्याला पैसे मिळतील का?
– एक लघुउद्योजक

उत्तर : दरमहा चेक येत नाही. स्वच्छ उन्हात किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरा. म्हणजे शुक्रवारी २००, चार शुक्रवारचे ८००. हे युनिट बिलातून वजा होतात, उरलेले पुढच्या महिन्यात जातात. ३१ मार्चला जे शिल्लक राहतील त्यांचेच पैसे, तेही वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने. बिलातला स्थिर आकार (वापर कितीही असो, भरावाच लागणारा) मात्र सुटत नाही. त्यामुळे विकण्यासाठी पॅनेल वाढवू नका. दिवसा वापरलेलं युनिटच खरी कमाई.

आधी शुक्रवारची वीज खरंच बाहेर जाते का ते पाहा. मशिन बंद असताना सगळा करंट उलटा ग्रीडकडे जातो. केबल लांब आणि बारीक असेल, तर इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) टोकाला व्होल्टेज चढतं आणि तो ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. भर दुपारी, नेमका सुट्टीच्या दिवशी! इन्व्हर्टरच्या नोंदीत दुपारी १२ ते २ मध्ये ‘ग्रीड ओव्हरव्होल्टेज’ दिसलं, तर जोडण्या घट्ट करून घ्या, केबल जाड टाका. तरीही व्होल्टेज चढंच राहिलं, तर महावितरणला लेखी कळवा. इन्व्हर्टरची व्होल्टेज मर्यादा स्वतः वाढवू नका.