ठेवणे वेगळे, सोडणे वेगळे

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. यजमान हयात नाहीत, माहेरी फक्त थकलेली आई आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. तीन आठवडे मुलांना बालगृहात ठेवावे, असे शेजारीण सुचवते. पण एकदा सही केली की मुले परत मिळत नाहीत, असेही कानावर येते. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली भीती निराधार नाही, फक्त ती दोन निरनिराळ्या कागदांची गल्लत झाल्यामुळे वाढली आहे. आजारपणामुळे मुलांची काही काळापुरती सोय करणे वेगळे आणि मुलांवरचा हक्क सोडत असल्याचे परित्यागपत्र लिहून देणे वेगळे. परित्यागपत्र दिल्यावरही बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मात्र आपल्याला ते पत्र द्यावे लागण्याचे कारणच नाही. म्हणून कोणताही कागद वाचून घेतल्याशिवाय, किंवा कोणाकडून वाचवून घेतल्याशिवाय, सही करू नये.

मुलांना संस्थेत ठेवायचे तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशानेच, आणि नोंदणीकृत संस्थेतच. ओळखीच्या कुणाच्या ‘आश्रमात’ परस्पर नेऊन ठेवणे सोपे वाटते, पण पुढे काही घडले तर हातात पुरावा राहत नाही. समितीपर्यंत पोहोचण्यासाठी १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करावा, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात असेल तर तेथील समाजसेवा अधीक्षकांना आजच भेटावे. अशी प्रकरणे त्यांच्या रोजच्या परिचयाची असतात.

तरीही संस्था हा शेवटचा पर्याय मानावा, आणि कायद्याचीही दृष्टी तीच आहे. शिवाय मुलींचे बालगृह आणि लहानग्यांचे शिशुगृह बहुधा वेगवेगळे असल्याने बहीणभावांची ताटातूट होऊ शकते. आपल्या आईंना आपल्याच घरी बोलावून, दिवसा मुलाला अंगणवाडीत व मुलीला शाळेत पाठवून, संध्याकाळच्या स्वयंपाकापुरती शेजारणीची मदत घेता येईल का, ते आधी पाहावे. थकलेल्या आजीला मुले सांभाळणे जमते. पाण्याच्या घागरी आणि गॅसची टाकी जमत नाही, एवढे लक्षात घेऊन कामे वाटावीत. एका वहीत मुलाच्या औषधाची वेळ, वर्गशिक्षिकेचा नंबर, डॉक्टरांचा नंबर लिहून ती आईंच्या उशाशी ठेवावी. लसीकरणाचे कार्ड आणि आधारच्या प्रती त्याच वहीत असाव्यात.

पैशांसाठी राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करता येतो. एक पालक गमावलेल्या मुलांचा त्यात विचार होतो आणि मंजुरीनंतर प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. मात्र ही रक्कम शस्त्रक्रियेच्या आत हाती पडेल, असे धरून चालू नये. यजमानांचा मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि मुलांची बोनाफाइड प्रमाणपत्रे आताच काढून ठेवली, तर रुग्णालयातून परतल्यावर पुन्हा खेटे घालावे लागणार नाहीत.