चार वर्षांचा घोडा आणि नवशिका स्वार : आडव्या चाली कोणत्या क्रमाने शिकवाव्यात?

सुरुवात लेग-यील्डिंगपासून (स्वाराच्या पायाचा दाब जाणवताच घोड्याने त्यापासून दूर सरत तिरके पुढे जाणे) करावी, तीही दुडकीत नव्हे तर साध्या चालीत, आणि शोल्डर-इन (पुढचे खांदे आत आणून चालणे) काही महिने पुढे ठेवावे. पुण्यात नवशिक्यांना शिकवताना मी हाच क्रम पाळतो, कारण लेग-यील्डिंगमध्ये घोड्याचे शरीर सरळच राहते, फक्त डोके जाण्याच्या विरुद्ध दिशेला किंचित वळलेले असते (डोके वळते ती बाजू ‘आतली’). शोल्डर-इनमध्ये मात्र त्याला स्वाराच्या आतल्या पायाभोवती वाकून, सुमारे ३० अंशांच्या कोनात, पायांचे ठसे तीन रेषांत पडतील असे चालायचे असते आणि तेवढी ताकद कोवळ्या घोड्याच्या मागच्या पायांत अजून आलेली नसते. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे आतला लगाम ओढणे: मान वळते, बाहेरचा खांदा निसटतो आणि पाय सरळच पडत राहतात. म्हणून वाळू सारखी करून तीन-चारच आडवी पावले मागावीत आणि ठसे पाहावेत. आतला मागचा खूर बाहेरच्या खुराच्या पुढून ओलांडून पडलेला दिसला की घोड्याला लगेच सरळ सोडून थोपटावे. मात्र स्वाराने ही हालचाल आधी मुरलेल्या घोड्यावर शिकलेली असावी, आणि पावसाळ्यात मैदान निसरडे असताना ती मागूच नये.